‘सार्थक आहे’ याच्या पुढे काय लिहायचं? मानसशास्त्राच्या प्रकल्पातले निकाल वाचण्याची आणि मांडण्याची पद्धत

मानसशास्त्राचे एम.ए.चे प्रकल्प चाळले तर चौथ्या प्रकरणात हटकून एक वाक्य सापडतं : ‘टीचं मूल्य २.५१ आलं, ते .०५ पातळीवर सार्थक आहे, म्हणून शून्य परिकल्पना फेटाळण्यात येते.’ (टी म्हणजे दोन गटांच्या मध्यमानांची तुलना करणाऱ्या टी-टेस्टचा आकडा; शून्य परिकल्पना म्हणजे ‘दोन गटांत फरक नाही’ हे गृहीतक.) वाक्यात चूक एकही नाही. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? कोणाचा ताण जास्त निघाला, किती जास्त, आणि त्या ‘किती’वर किती भरवसा ठेवायचा, यातलं काहीच नाही. कोर्टाचा निकाल वाचल्यासारखं वाटतं : दोषी, की निर्दोष.

या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. निकाल लिहिताना सुरुवात फरकापासून करा, पी-व्हॅल्यूपासून (खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) नाही. पी शेवटी येतो, आणि तोही एका छोट्या प्रश्नाचं उत्तर घेऊन.

समजावण्यासाठी एक बनवलेलं उदाहरण शेवटपर्यंत धरू. ८० विद्यार्थी : ४२ वसतिगृहात राहणारे, ३८ घरी राहणारे. सगळ्यांनी दहा विधानांची पर्सिव्हड स्ट्रेस स्केल भरली. प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण गुण ० ते ४०. प्रश्न : दोन गटांच्या जाणवणाऱ्या ताणात फरक आहे का? (चिन्हं इथे देवनागरीत आहेत. प्रबंध इंग्रजीत असेल तर ती रोमन आणि तिरप्या टायपात जातात.)

पायरी १ : टेस्ट लावण्याआधी फाइल तपासा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच बिघडतात.

पहिलं काम : प्रत्येक विधानाचा किमान आणि कमाल आकडा काढा. एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क्रिप्टिव्हज, जास्प किंवा जामोवीमध्येही त्याच नावाचा मेनू. (ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. परवान्यासाठी खोळंबून राहण्याची गरज नाही.) कमाल ४ च्या वर दिसली की थांबा. रिकाम्या उत्तराला ९९ असा कोड देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पण व्हेरिएबल व्ह्यूमध्ये तो ‘मिसिंग’ म्हणून नोंदवायचा राहून गेला की सॉफ्टवेअर त्याला खराखुरा गुण समजतं. हिशोब करून पाहा : वसतिगृहाच्या गटात एकाच विद्यार्थ्याच्या एकाच विधानात २ च्या जागी ९९ मोजला गेला, तर त्याची बेरीज ९७ ने फुगते आणि ४२ जणांचं मध्यमान २.३१ ने वर जातं. एका खान्यातल्या चुकीने.

दुसरं काम : उलटी विधानं. या मापिकेतली ४, ५, ७ आणि ८ ही विधानं सकारात्मक आहेत. त्यांचे गुण उलटे करायचे असतात : ० चे ४, १ चे ३, याप्रमाणे. ते राहिलं आहे का हे ओळखण्याची खूण म्हणजे क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे मापिकेतली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा. अल्फा अचानक खूप खाली आला, किंवा ‘करेक्टेड आयटम–टोटल कोरिलेशन’च्या (एका विधानाचा बाकीच्यांच्या बेरजेशी संबंध) रकान्यात नेमक्या याच चार विधानांपुढे उणे चिन्ह दिसलं, तर विधानं वाईट नाहीत, उलटायची राहिली आहेत. ‘अल्फा वाढतो’ म्हणून ती काढून टाकू नका. तसं झालं की मापिका तुमची उरते, मूळ मापिका राहत नाही. अल्फाही आपल्या नमुन्याचा काढून लिहायचा. मूळ लेखातला अल्फा उतरवून ठेवला तर तो दुसऱ्याच लोकांचा असतो.

आणि एक : ० ते १३ कमी, १४ ते २६ मध्यम, २७ च्या पुढे तीव्र ताण, असा तक्ता इंटरनेटवर फिरत असतो. ही मापिका निदानासाठी बनवलेलीच नाही, त्यामुळे तिला अधिकृत कट-ऑफ नाहीत. गुण तसेच्या तसे वापरा. माणसांना तीन डब्यांत भरून काय-वर्ग (गटांतल्या संख्यांची तुलना करणारी टेस्ट) लावलात तर हातातली माहिती फेकून द्याल.

पायरी २ : आधी मध्यमान आणि प्रमाण विचलन

आपल्या उदाहरणात आकडे असे आले :

वसतिगृह : मध्यमान २१.४०, प्रमाण विचलन ६.१२, एन = ४२
घर : मध्यमान १८.१३, प्रमाण विचलन ५.४८, एन = ३८

आता सॉफ्टवेअर बाजूला ठेवून नुसतं बघा. ४० गुणांच्या पट्टीवर ३.२७ गुणांचा फरक. दोन्ही गटांतला पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण सहा गुणांचा. म्हणजे दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळलेले असणार. वसतिगृहात राहून निवांत असलेले आणि घरी राहून हैराण झालेले, दोन्ही भरपूर. इतकं डोक्यात बसलं की पुढचे आकडे घाबरवत नाहीत.

एसपीएसएसच्या ‘ग्रुप स्टॅटिस्टिक्स’ तक्त्यात प्रमाण विचलनाच्या शेजारीच ‘स्टँडर्ड एरर मीन’ (मध्यमानातल्या अनिश्चिततेचा अंदाज) असतो. तक्ता हाताने उतरवताना नजर एक रकाना सरकते. आपल्या पहिल्या गटाचा स्टँडर्ड एरर ०.९४ आहे. तो प्रमाण विचलन म्हणून छापला गेला, तर त्यावरून इफेक्ट साइज (फरकाच्या आकाराचं माप, पायरी ५) काढणाऱ्याला ०.५६ च्या जागी साडेतीनच्या आसपास आकडा मिळेल. असे आकडे पुढे मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहणं) करणाऱ्यांच्या डोक्याला ताप होतात.

पायरी ३ : टी-टेस्टचा तक्ता डावीकडून उजवीकडे

इंडिपेंडंट सँपल्स टी-टेस्टच्या तक्त्यात एसपीएसएस ‘सिग.’ नावाचा आकडा दोन ठिकाणी देतं. नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक इथली. डावीकडचा पहिला ‘सिग.’ लेव्हिन टेस्टचा असतो. दोन गटांचा पसारा, म्हणजे व्हेरिअन्स, सारखा आहे का हे तो सांगतो. तुमच्या परिकल्पनेशी त्याचा काही संबंध नाही. तुमचा पी उजवीकडे, टी आणि डीएफच्या (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे नमुन्याच्या आकारावरून निघणारा आकडा) पुढे. नव्या आवृत्त्यांत तिथे एक-टोकी (फरकाची एकच दिशा धरणारा) आणि दोन-टोकी (दोन्ही दिशा धरणारा) असे दोन पी शेजारीशेजारी छापलेले असतात. आधीच, म्हणजे माहिती गोळा करण्यापूर्वी, दिशा ठरवून लिहून ठेवलेली नसेल तर दोन-टोकीच घ्या. पी = .०८ आला म्हणून मागाहून ‘आमची परिकल्पना दिशात्मक होती’ म्हणत त्याचा .०४ करणं ही लबाडी आहे, मग परिकल्पनेचं वाक्य कितीही सफाईने बदललेलं असो.

ओळीही दोन असतात. वरची ‘इक्वल व्हेरिअन्सेस अझ्यूम्ड’, खालची ‘नॉट अझ्यूम्ड’. वर्गात शिकवतात : लेव्हिनचा पी .०५ पेक्षा जास्त असेल तर वरची ओळ, नसेल तर खालची. आमचा सल्ला : सरळ खालची घ्या. ती वेल्चची टी-टेस्ट. पसारे सारखे असतील तर ती जवळपास तेच उत्तर देते, वेगळे असतील आणि गटही लहान-मोठे असतील तर वरच्या ओळीपेक्षा भरवशाची ठरते. लहान नमुन्यात लेव्हिनला फरक सापडेलच असं नाही, मग त्याच्या सांगण्यावरून ओळ कशाला निवडायची? आपल्या उदाहरणात वरची ओळ सांगते टी(७८) = २.५१, खालची टी(७७.९९) = २.५२, पी दोन्हीकडे .०१४.

डीएफमध्ये दशांश दिसले की विद्यार्थी घाबरून ते पूर्णांक करतात. करू नका. ७७.९९ पाहून जाणकाराला कळतं की ही वेल्चची ओळ आहे. साध्या टी-टेस्टमध्ये डीएफ म्हणजे एकूण माणसं वजा दोन. तुम्ही ८० जणांचा नमुना म्हणता आणि डीएफ ७६ छापता, तर दोन माणसं कुठे गेली हे परीक्षक विचारणारच. बहुधा त्यांचा एखादा खाना रिकामा असतो. ते पद्धतीच्या प्रकरणात आधीच सांगून टाका.

टी उणे आला तर बिघडलं काही नाही. सॉफ्टवेअर पहिल्या गटातून दुसरा वजा करतं. घरी राहणाऱ्यांना १ आणि वसतिगृहाला २ कोड दिला असता तर हाच टी −२.५२ आला असता. चिन्ह आणि वाक्य एका दिशेला आहेत एवढं पाहा.

नॉर्मलिटीबद्दल, म्हणजे गुण घंटेच्या आकारात पसरले आहेत का याबद्दल, थोडक्यात. त्यासाठीची शापिरो–विल्क टेस्टचा निकाल पूर्ण ८० गुणांवर नाही, प्रत्येक गटात वेगळा पाहायचा. लहान नमुन्यात तो फारसं काही पकडत नाही, मोठ्या नमुन्यात क्षुल्लक वाकडेपणावरही बोट ठेवतो. हिस्टोग्रॅम आणि क्यू-क्यू प्लॉट डोळ्यांनी पाहिलेले बरे. चाळीसेक जणांच्या गटात थोडा तिरकेपणा टी-टेस्ट पचवते. एका टोकाला पडलेले दोन-तीन विचित्र आकडे मात्र नाही.

पायरी ४ : पी काय सांगतो आणि काय नाही

पी = .०१४ याचा अर्थ एवढाच : दोन गटांत प्रत्यक्षात काहीच फरक नसता आणि टेस्टची बाकी गृहीतकं बरोबर असती, तरी नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता १.४ टक्के.

‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता १.४ टक्के’ हा त्याचा अर्थ नाही. ‘आमचा निष्कर्ष ९८.६ टक्के खरा’ हाही नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली पी-व्हॅल्यूवर स्वतंत्र निवेदन काढावं लागलं, त्यात हेच गैरसमज होते. पीवरून फरकाचा आकार कळत नाही, हाही त्यातलाच एक मुद्दा.

शेवटचा मुद्दा सहसंबंधातून चटकन पटतो. ४०० जणांच्या नमुन्यात सहसंबंधाचा गुणांक आर = .१० आला तर पी = .०४६, म्हणजे सार्थक. २० जणांत आर = .४० आला तर पी = .०८१, म्हणजे सार्थक नाही. आता दोन्हींचे ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल (माहितीशी जुळणाऱ्या आकड्यांचा पट्टा) पाहा : पहिल्याचा [.००, .२०], दुसऱ्याचा [−.०५, .७२]. पहिला संबंध असलाच तर बारीक आहे, हे बऱ्यापैकी नक्की कळलं. दुसऱ्यात संबंध मोठा असू शकतो, नसूही शकतो. २० माणसांत ते कळणारच नव्हतं. ‘पहिल्यात संबंध आढळला, दुसऱ्यात आढळला नाही’ असं लिहिणाऱ्याने दोन्हीकडचं खरं हातचं घालवलं.

लिहिण्याचे नियम : पी नेमका लिहा, तीन दशांशांपर्यंत. ‘पी < .०५’ ही छापील कोष्टकांत मूल्य शोधायच्या काळातली सवय आहे. जुन्या एसपीएसएसमध्ये ‘.०००’ दिसतं. पी कधीच शून्य नसतो, तिथे ‘पी < .००१’ लिहा. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीत जे आकडे एकाच्या वर जाऊच शकत नाहीत (पी, आर, अल्फा) त्यांच्या दशांशाआधीचं शून्य गाळतात. डी (पायरी ५ मधला इफेक्ट साइज) एकाच्या वर जाऊ शकतो, म्हणून ०.५६ मधलं शून्य राहतं.

पायरी ५ : फरक केवढा?

कोहेनचा डी म्हणजे मध्यमानांतला फरक भागिले दोन्ही गटांचं मिळून निघणारं प्रमाण विचलन. इथे ३.२७ भागिले ५.८३, म्हणजे ०.५६. एसपीएसएसमध्ये २७व्या आवृत्तीपासून तो टी-टेस्टसोबत मिळतो. कॉलेजात जुनी आवृत्ती असेल तर कॅल्क्युलेटर पुरतो, किंवा जास्पमध्ये एक खूण करा. (ताणमापिकेचे कोहेन शेल्डन आणि डीचे कोहेन जेकब. संदर्भयादीत या दोघांची अदलाबदल बऱ्याचदा होते.)

०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा, हे जेकब कोहेन यांनी दिलेले टप्पे तुम्हाला पाठ असतील. आपल्या विषयातलं आधीचं काही हाताशी नसेल तेव्हा वापरायला म्हणून त्यांनी ते दिले होते, सावधगिरीच्या सूचनेसह. पुढे सूचना गळली, टप्पे राहिले. ‘डी = ०.५६, म्हणजे मध्यम परिणाम’ एवढ्यावर थांबू नका. दोन गोष्टी जोडा.

पहिली, मूळ मापिकेच्या भाषेत फरक : ४० पैकी ३.२७ गुण, ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल [०.६९, ५.८६]. हा इंटरव्हल एसपीएसएसच्या त्याच तक्त्यात अगदी उजव्या टोकाला असतो आणि बहुतेकांचं स्क्रोलिंग तिथवर जातच नाही. त्याचं खालचं टोक बघा. ०.६९, म्हणजे ४० गुणांच्या पट्टीवर पुरता एक गुणही नाही. वरचं टोक जवळजवळ सहा. खरा फरक नगण्य असण्यापासून चांगलाच जाणवण्याइतका असण्यापर्यंत सगळं या माहितीशी जुळतं. पी = .०१४ वाचून जो जोर येतो तो इथे ओसरतो, आणि ओसरायलाच हवा. ‘वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांवर प्रचंड ताण’ असं चर्चेच्या प्रकरणात लिहिण्याची मुभा हे आकडे देत नाहीत.

दुसरी, साध्या भाषेतलं रूपांतर : गुणांचं वितरण साधारण नॉर्मल धरलं तर डी = ०.५६ म्हणजे दोन्ही गटांतून एकेक विद्यार्थी चिठ्ठी टाकून उचलला, तर शंभरात सुमारे ६५ वेळा वसतिगृहातल्याचे गुण जास्त निघतील. उरलेल्या ३५ वेळा उलट. परीक्षेच्या वेळी बाहेरच्या परीक्षकाला हे एक वाक्य सांगून बघा.

पायरी ६ : वाक्य जुळवा

क्रम असा : कोण, कोणापेक्षा, किती, किती खात्रीने, त्यानंतर टेस्ट.

‘वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना जाणवणारा ताण (मध्यमान = २१.४०, प्रमाण विचलन = ६.१२, एन = ४२) घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा (मध्यमान = १८.१३, प्रमाण विचलन = ५.४८, एन = ३८) सरासरी ३.२७ गुणांनी जास्त होता, ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल [०.६९, ५.८६]. वेल्चच्या टी-टेस्टनुसार हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या सार्थक होता, टी(७७.९९) = २.५२, पी = .०१४, डी = ०.५६, ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल [०.११, १.०१].’

दोन वाक्यं, बस. ‘सांख्यिकीय दृष्ट्या’ हे शब्द खाऊ नका. नुसतं ‘सार्थक’ वाचलं की लोकांना ‘महत्त्वाचं’ ऐकू येतं. ‘परिकल्पना सिद्ध झाली’ कधीच नाही. ‘निकाल परिकल्पनेला धरून आहेत’ चालेल. आणि ‘वसतिगृहात राहिल्यामुळे ताण वाढला’ हे तर नाहीच. कोण कुठे राहतं हे आपण चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. वसतिगृहातली मुलं लांबच्या गावांतून आलेली असतील, त्यांची आर्थिक ओढाताण वेगळी असेल, अभ्यासक्रम वेगळे असतील. क्रियापद जपून निवडा : ‘वाढवतो’, ‘कमी करतो’, ‘परिणाम होतो’ ही यादृच्छिक वाटप केलेल्या प्रयोगाची क्रियापदं.

तक्त्यात उभ्या रेघा नकोत, आणि तक्त्यात दिलेले सगळे आकडे खाली परिच्छेदात पुन्हा उतरवू नका. एसपीएसएसच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट प्रबंधात चिकटवणं हा तक्ता नव्हे.

सार्थक नाही आलं तर

समजा पी = .०९ आला. ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’, ‘दोन्ही गटांत फरक नाही’ असं लिहायचा मोह होतो. बरोबर शब्द : ‘शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही.’ पुढे इंटरव्हल द्या आणि तो वाचा. इंटरव्हल [−०.४, ५.२] असेल तर पाच गुणांचा फरकही या माहितीत बसतो, मग ‘फरक नाही’ कशाच्या जोरावर म्हणायचं? इंटरव्हल [−०.६, ०.८] असता तर मात्र ‘असलाच तर एका गुणाच्या आतला’ असं ठामपणे म्हणता आलं असतं. ‘फरक नाही’ हेच दाखवायचं असेल तर त्यासाठी इक्विव्हॅलन्स टेस्ट आहे, आणि ‘नगण्य’ म्हणजे किती गुण हे आधी ठरवावं लागतं.

‘सार्थकतेच्या जवळ’, ‘किंचित सार्थक’ हे शब्दप्रयोग टाळा. गंमत अशी की .०४८ आला तेव्हा ‘सार्थकतेपासून दूर जाता जाता राहिला’ असं कोणी लिहीत नाही.

पॉवर म्हणजे खरा फरक असेल तर तो टेस्टला सापडण्याची शक्यता. काही मार्गदर्शक ‘ऑब्झर्व्हड पॉवर’ लिहायला सांगतात, एसपीएसएसमध्ये काही टेस्टना ती मिळतेही. ती पीवरूनच निघते, नवीन काही सांगत नाही. पॉवरचा हिशोब नमुना गोळा करण्यापूर्वी करायचा. डी = ०.५ पकडायचा असेल तर दोन-टोकी .०५ पातळीवर ८० टक्के पॉवरसाठी प्रत्येक गटात ६४ जण लागतात; डी = ०.२ साठी चारशेच्या आसपास. जी-पॉवर हे फुकट सॉफ्टवेअर पाच मिनिटांत हा आकडा देतं. ‘दोन्ही गटांत ३०–३०’ हा आपल्याकडचा पिढीजात आकडा या हिशोबात कुठेच बसत नाही.

एकच फाइल, वीस टेस्ट

ताण, चिंता, स्वप्रतिमा, झोप, प्रत्येकाच्या उपमापिका. मग लिंगानुसार, माध्यमानुसार, शहर-गावानुसार. बघता बघता वीस टी-टेस्ट होतात. प्रत्यक्षात कुठेच फरक नसला आणि टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तरी वीसांत निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणून किती टेस्ट केल्या ते पूर्ण सांगा, मुख्य परिकल्पना एक-दोनच ठेवा, बाकीच्यांना ‘शोधक’ म्हणा किंवा होल्मची दुरुस्ती (अनेक टेस्ट केल्यावर सार्थकतेची कसोटी कडक करण्याची पद्धत) लावा. बॉनफेरोनी सोपी आहे (.०५ भागिले टेस्टची संख्या), पण जास्त कडक. जे निघालं तेवढंच छापायचं आणि उरलेलं गिळायचं, या सवयीची किंमत विषयाने मोजली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांत ९७ टक्के निकाल सार्थक होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के.

याच कुळातली पण जास्त फसवी चूक : ‘मुलींमध्ये फरक सार्थक (पी = .०३), मुलांमध्ये नाही (पी = .०८), म्हणजे निवासाचा संबंध मुलींच्या ताणाशीच आहे.’ हे निघत नाही. .०३ आणि .०८ यांमधला फरक स्वतः सार्थक आहे का, हे तपासलेलंच नाही. त्यासाठी दोन्ही घटक एकत्र घेऊन इंटरॅक्शन (एका घटकाचा संबंध दुसऱ्या घटकानुसार बदलतो का) तपासावा लागतो. ही चूक नवख्यांचीच आहे असं समजू नका : २०११च्या एका पाहणीत नामवंत नियतकालिकांतले मेंदूविज्ञानाचे, ही चूक होऊ शकली असती असे १५७ लेख तपासले, निम्म्यांत ती झालेली होती.

बाकीच्या टेस्ट, जाता जाता

एक-मार्गी अ‍ॅनोव्हा (तीन किंवा जास्त गटांच्या मध्यमानांची तुलना) : डीएफ दोन लिहायचे, आधी गटांचा, मग उरलेला. ९० जण, तीन गट : एफ(२, ८७) = ४.८५, पी = .०१०, पार्शल ईटा वर्ग (इथला इफेक्ट साइज) = .१०. एफ फक्त ‘सगळी मध्यमानं सारखी दिसत नाहीत’ एवढंच सांगतो. कुठली दोन वेगळी ते पोस्ट-हॉकवरून, म्हणजे नंतर जोडीजोडीने केलेल्या तुलनेवरून. पसारे असमान असतील तर ट्युकीऐवजी गेम्स–हॉवेल.

सहसंबंध : आरच्या कंसात एन वजा २. स्कॅटर प्लॉट पाहिल्याशिवाय आर लिहू नका. दूर पडलेला एक ठिपका लहान नमुन्यात आख्खा सहसंबंध उभा करू शकतो.

काय-वर्ग : कंसात डीएफ आणि एन दोन्ही, सोबत टक्केवारी आणि क्रॅमरचा व्ही (इथला इफेक्ट साइज). तक्त्याखालची बारीक तळटीप वाचा. अपेक्षित वारंवारिता ५ पेक्षा कमी असलेले खाने त्यात मोजलेले असतात. दोन-बाय-दोन तक्त्यात ते निघाले तर फिशर एक्झॅक्ट. टक्केवारी ओळीची की रकान्याची, हेही शब्दांत सांगा.

छापायला देण्याआधी दोन चाळण्या

पहिली कागदावर होते. मापिकेचे गुण पूर्णांक असतील तर मध्यमान गुणिले माणसं जवळजवळ पूर्णांक यायला हवं. ४२ जणांत बेरीज ८९९ असेल तर मध्यमान २१.४०, ९०० असेल तर २१.४३. मधे काहीच नाही. म्हणजे ४२ जणांच्या गटाचं मध्यमान २१.४१ किंवा २१.४२ असं कोणी छापलं असेल, तर ते अशक्य आहे : आकडा चुकीचा उतरला, किंवा माणसं ४२ नव्हती. याला ग्रिम टेस्ट म्हणतात. दोन दशांशांच्या मध्यमानाला ती शंभराच्या आतल्या गटात चालते. २०१७ साली ती मांडणाऱ्यांनी तपासता येण्याजोगे ७१ लेख पाहिले, तेव्हा सुमारे निम्म्यांत निदान एक तरी मध्यमान बसत नव्हतं.

दुसरी चाळणी स्टॅटचेक. एपीए शैलीत इंग्रजीत लिहिलेल्या निकालांतून टी, डीएफ आणि पी उचलून ते एकमेकांशी जुळतात का हे हे फुकट साधन वेबवर तपासतं. २०१६ साली याच साधनाने मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांची छाननी झाली. पी छापलेल्या लेखांपैकी निम्म्यांत निदान एक विसंगती सापडली आणि दर आठांतल्या एकात ती निष्कर्ष फिरवू शकेल इतकी मोठी होती. बहुतेक विसंगती हाताने उतरवण्यातल्या किंवा जुना आकडा तसाच राहण्यातल्या असतात. माणसं वगळल्यावर तक्ता बदलतो, परिच्छेद बदलायचा राहतो. मराठीत लिहिलेल्या प्रबंधावर स्टॅटचेक चालत नाही. तेव्हा निकालांच्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये इंग्रजी चिन्हांत टाइप करून तपासा.

हे करताना एसपीएसएसची सिंटॅक्स फाइल (दिलेल्या आज्ञांची नोंद; प्रत्येक खिडकीतलं ‘पेस्ट’ बटण दाबलं की बनते) किंवा जास्पची फाइल तारखेसह जपून ठेवा. तोंडी परीक्षेत ‘ते दोन विद्यार्थी वगळले नसते तर?’ असा प्रश्न आला, तर उत्तर त्या फाइलमध्ये असतं.